लाखोळीच्या निळ्या फुलांचा मुलूख

पौष-माघात भंडारा जिल्ह्यातून प्रवास करणाऱ्याने गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिले तर एक गोष्ट त्याच्या सहज नजरेस पडेल. धान कापून नेलेल्या बांध्या ओसाड पडलेल्या नसतात. पिवळ्या धसकटांमधून वीतभर उंचीचे हिरवे पीक वर आलेले असते आणि त्यावर निळी, कुठे जांभळट, कुठे पांढरी फुले डोलत असतात. हीच लाखोळी. खेड्यात तिला लाखोरी म्हणतात, कोणी नुसतेच लाख म्हणतात. छत्तीसगडात ती तिवरा होते, मध्य प्रदेशात आणि बिहारात खेसारी. विदर्भाबाहेरच्या आमच्या पुष्कळ वाचकांनी हे नाव ऐकलेही नसेल. झाडीपट्टीतल्या वाचकांना मात्र नाव वाचताच लाखोळीच्या वड्यांचा वास येईल.

या निळ्या फुलांच्या मुलुखाला दुसराही एक इतिहास आहे. ज्या वर्षी पाऊस रुसला, धान आणि गहू बुडाले, त्या वर्षानंतर इथली धडधाकट माणसे एका सकाळी अंथरुणावरून उठली ती जन्मभरासाठी लंगडी होऊन. या रोगाला वैद्यकशास्त्रात लॅथिरिझम म्हणतात. हा मज्जासंस्थेचा रोग आहे. तो जंतूंमुळे होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, बापाकडून मुलाकडे रक्तातून येत नाही. तो येतो ताटातून. आणि ताटात काय पडणार हे कोण ठरवतो, या प्रश्नापाशी त्याचे मूळ आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नागपूरहून निघून भंडारा, गोंदिया, बालाघाट, जबलपूर, सतना करीत थेट रिव्यापर्यंत गेलो. हा मार्ग आम्ही मुद्दाम निवडला. लाखोळी जिथे पिकते आणि जिथे तिने माणसे लंगडी केली, तो मुलूख या वाटेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. तिथे जे पाहिले, ऐकले आणि त्याआधी-नंतर जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वैनगंगेच्या काठी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव आजही गावोगावी दिसतात. वैनगंगेच्या काठाने पवनीकडे जाताना जुन्या स्तूपाची टेकडी लागते. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झाले आणि या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध विहार नांदत होते हे जगाला कळले. त्या टेकडीवरून खाली पाहिले की नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. अशा मुलखात लाखोळी का आली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

इथली जमीन चिकण आणि ओल धरून ठेवणारी आहे. धान कापायला दोन-तीन आठवडे उरलेले असतात तेव्हा शेतकरी उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकून देतो. याला उतेरा म्हणतात. नांगर नको, पाणी नको, खत नको. धान कापून नेले की मागे राहिलेल्या ओलीवर लाखोळी वाढते आणि फाल्गुनापर्यंत हाती येते. बांधीत पाणी साचले तरी ती मरत नाही, पाऊस आलाच नाही तरी मरत नाही. मुळांवरच्या गाठींतून ती जमिनीला नत्र देते. दाण्यात चौथ्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. गरिबाच्या दृष्टीने याहून गुणी पीक दुसरे नाही.

पण याच गुणात घात लपलेला आहे. दुष्काळात सगळी पिके जळाली तरी लाखोळी उभी राहते. म्हणून दुष्काळात खायला तीच उरते. आणि झाडाला पाण्याचा ताण पडला की दाण्यातले विषही वाढते. म्हणजे ज्या वर्षी माणूस लाखोळी सर्वांत जास्त खातो, नेमकी त्याच वर्षी ती सर्वांत जास्त विषारी असते. निसर्गाचा हा हिशेब आम्ही जेव्हा प्रथम वाचला तेव्हा सुन्न झालो.

एका गावात बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. लाखोळीचा विषय काढताच बायका हसू लागल्या. एकीने कोवळ्या पाल्याची भाजी कशी करतात ते सांगितले. दुसरी म्हणाली, सणाला लाखोळीचे वडे नसले तर सण झाल्यासारखा वाटत नाही. मग विष कसले, असे त्यांनी आम्हालाच विचारले. "आमच्या आज्यानं खाल्ली, बापानं खाल्ली, आम्ही खातो. कोणाचे पाय गेले?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भातासोबत वाटीभर वरण आणि सणाला चार वडे खाऊन कोणाचे पाय जात नाहीत. इथल्या लाखो लोकांनी पिढ्यान्पिढ्या ही डाळ खाल्ली आणि ते ताठ चालत राहिले. पण ओट्याच्या टोकाला एक आजी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. बायकांचे हसणे थांबल्यावर त्या हळूच बोलल्या, "तुमी मालकाच्या सालावर नाई राहल्या, बाई. तवा आमच्या घरी लाखोरीच भेटे. धान मालकाच्या घरी, लाखोरी आमच्या घरी. भाकर तिचीच, वरन तिचंच. माह्या दिराचे पाय गेले त्यात."

ओट्यावर कोणी काही बोलले नाही. आजींनी दोन वाक्यांत जे सांगितले ते आम्हाला पुढच्या सगळ्या प्रवासात आठवत राहिले. डाळ तीच, शेत तेच. एका घरात ती तोंडी लावायला होती, दुसऱ्या घरात तेच सगळे जेवण होते.

पाय ताठ का होतात

आता थोडे शास्त्र पाहू. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा या शास्त्रज्ञांनी खेसारीच्या दाण्यातून एक द्रव्य वेगळे काढले. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे. सोयीसाठी त्याला ओडॅप म्हणतात. आपल्या मेंदूत पेशी एकमेकींना निरोप देतात ते ग्लुटामेट नावाच्या द्रव्यामार्फत. ओडॅपचे रूप या ग्लुटामेटशी मिळतेजुळते आहे. त्यामुळे पेशी फसतात. खरा निरोप आला आहे असे समजून त्या काम करीत राहतात, करीत राहतात आणि अखेर थकून मरतात. मेंदूपासून कण्यातून खाली पायांपर्यंत हालचालीचा हुकूम नेणाऱ्या लांब मज्जातंतूंना याचा फटका सर्वांत जास्त बसतो.

पोलिओ आपल्याला माहीत आहे. पोलिओत पाय लुळा पडतो, बारीक होतो. लॅथिरिझमात उलटे होते. पाय ताठ होतात. पोटऱ्या आखडतात, गुडघे एकमेकांवर घासतात, टाच जमिनीला टेकत नाही. माणूस चवड्यांवर, कात्रीसारखे पाय टाकीत चालतो. अंगावरची संवेदना जात नाही आणि बुद्धीला धक्का लागत नाही. सगळे कळते, सगळे जाणवते, फक्त पाय ऐकत नाहीत. रोगी बहुधा तरुण असतो, बायकांपेक्षा पुरुष अधिक. अनेकांना तो एकाएकी होतो, पुष्कळदा अंगमोड कष्टानंतर. आणि एकदा झाला की तो बरा होत नाही. मृत्यूही लवकर येत नाही. विशीतला जवान पुढची चाळीस-पन्नास वर्षे तसेच पाय ओढत जगतो.

डॉक्टरांनी या रोगाच्या पायऱ्या पाडल्या आहेत, त्या वाचून आमच्या अंगावर काटा आला. पहिली पायरी, काठीविना चालणारा. दुसरी, एका काठीचा. तिसरी, दोन काठ्यांचा. चौथी, रांगणारा. दवाखान्याच्या कागदावर ही केवळ वर्गवारी आहे. खेड्यात राहणाऱ्या मजुराला मात्र तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काठीविना चालणारा अजून कापणीला जाऊ शकतो. एका काठीचा गुरे राखतो. दोन काठ्यांचा घराच्या राखणीला बसतो. रांगणारा कोणाच्या तरी ओंजळीने पाणी पितो.

किती खाल्ल्याने हे होते? रोजच्या आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक खेसारीचा असेल आणि हे दोन-तीन महिने चालले, तर धोका उभा राहतो. सोबत तांदूळ, गहू, ज्वारी पुरेशी असेल तर धोका बराच कमी होतो. कारण तृणधान्यात गंधकयुक्त प्रथिनांश असतात आणि ते मज्जापेशींना सांभाळतात. खेसारीत नेमके तेच कमी आहेत. इथिओपियात झालेल्या अभ्यासांतही हे दिसून आले आहे की जे लोक खेसारीत तृणधान्य मिसळून खात, त्यांना रोगाचा धोका कमी होता. म्हणजे विष डाळीत आहे खरे, पण ते माणसाच्या पायांत उतरते तेव्हा त्याच्या ताटात दुसरे काही नसते.

स्लीमनाबादवरून रिव्याकडे

गोंदियाहून आम्ही बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूर गाठले. जबलपूरहून कटनीकडे जाताना वाटेत स्लीमनाबाद नावाचे ठिकाण लागते. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी म्हणून स्लीमन आपल्या शाळेच्या पुस्तकात भेटतो. या स्लीमननेच खेसारीच्या रोगाचे आपल्याकडचे एक जुने आणि बारकाईचे वर्णन लिहून ठेवले आहे. सागर जिल्ह्यातल्या गावांत १८२९ साली गारपिटीने गहू झोडपला. १८३० साली वेळेवर पाऊस आला नाही. १८३१ साली पिकावर रोग पडला. तीन वर्षे गहू गेला, पण खेसारी मात्र भरभरून आली आणि लोकांनी तीच खाल्ली. १८३३ आणि १८३४ या दोन वर्षांत एका गावातल्या निम्म्या तरुण मुलामुलींचे कमरेखालचे अंग एकाएकी निकामी झाले, असे त्याने नोंदवले आहे. त्याचे पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅथिरिझम हे नाव त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, १८७३ साली, इटलीतल्या कँतानी या डॉक्टराने दिले.

म्हणजे रोगाला नाव मिळण्याआधीच इथल्या माणसांना त्याचे कारण कळले होते. तरीही ती ते धान्य का खात राहिली? दुसरे नव्हते म्हणून. १८९६ ते १९०२ या दुष्काळी वर्षांत मध्य प्रांतात हा रोग पुन्हा उसळला. ब्युकॅनन नावाच्या इंग्रज डॉक्टराने त्यावर अहवाल लिहिला आणि तो १९०४ मध्ये आपल्या नागपुरातच छापला गेला. त्या वेळी नागपूर हीच मध्य प्रांताची राजधानी होती. अहवाल कपाटात गेला. खेसारी मजुरांच्या घरी जातच राहिली.

सतन्याहून फाटा फुटतो आणि गाडी रिव्याच्या पठारावर येते. दूरवर कैमूरच्या डोंगररांगा, खाली गव्हाची आणि धानाची शेते. पांढऱ्या वाघांमुळे रिवा प्रसिद्ध आहे. गुढजवळ सूर्याच्या उन्हावर वीज करणारा भलामोठा प्रकल्प उभा आहे, तो पाहायला पाहुणे येतात. वैद्यकीय ग्रंथांत मात्र रिवा आणि सतना ही नावे लॅथिरिझमच्या प्रकरणात येतात. स्वातंत्र्यानंतर १९५० आणि ६० च्या दशकांत इथे डॉक्टरांनी गावोगाव पाहण्या केल्या. त्यांना जे आढळले ते थोडक्यात असे. जमीनदाराच्या शेतात गहूही पिके आणि खेसारीही. गहू कोठारात जाई. शेतात राबणाऱ्या वेठबिगाराला मजुरी मिळे ती धान्यात, आणि त्या धान्यात मुख्य भाग खेसारीचा असे. हे मजूर बहुतांशी कोल आदिवासी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचे. कर्ज आजोबाने घेतलेले, राबणारा नातू.

गुढच्या बाजूला एका टोल्यावर आम्हाला असे एक दादा भेटले. दोन काठ्यांवर चालत ते दारापर्यंत आले आणि आम्हाला बसायला खाट दिली, स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. बसायला आणि उठायला त्यांना फार वेळ लागतो, म्हणून पाहुणे असले की ते उभेच राहतात, असे सुनेने सांगितले. विसाव्या वर्षी एकदा पहाटे शेताला पाणी द्यायला निघाले आणि बांधावर पडले. त्यानंतर टाच कधी टेकली नाही. आम्ही विचारले, मालकाच्या घरी कोणाला असे झाले का? दादा आमच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मालक के घर तो गेहूँ था."

आम्ही त्यांना अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल विचारले. दाखला नव्हता. सूनबाई म्हणाली, "लहानपणापासून नाही ना, म्हणून मिळत नाही असे लोक सांगतात." हे साफ खोटे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चालण्या-फिरण्याचे अपंगत्व स्पष्टपणे समाविष्ट आहे, ते जन्मतः असो की नंतर आलेले असो. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व ठरले तर सवलतींचा हक्क मिळतो. झाडीपट्टीतल्या आमच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावात असे कोणी म्हातारे उरले असतील तर त्यांना हाताला धरून रुग्णालयापर्यंत न्यावे. पन्नास वर्षे पाय ओढणाऱ्याला निदान तेवढे तरी देणे लागतो.

हाच नकाशा दुसऱ्या देशांत

हा रोग आपल्याच देशाचा आहे असे कोणी समजू नये. १८११-१२ साली स्पेनच्या माद्रिद शहरात युद्धामुळे दुष्काळ पडला. लोक खेसारीच्या पिठाची लापशी खाऊन जगले. गोया या थोर चित्रकाराने त्याचे चित्र कोरले आहे. त्यात भुकेली माणसे लापशीभोवती जमली आहेत आणि एक बाई जमिनीवर आडवी पडली आहे. चित्राला त्याने नाव दिले, खेसारीचे उपकार.

दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या राजवटीने व्हापनियार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना डांबले. १९४२ च्या अखेरीपासून त्यांना जनावरांसाठी ठेवलेली खेसारी शिजवून घालण्यात आली. काही आठवड्यांत तरुण कैद्यांचे पाय ताठ होऊ लागले. कैद्यांतच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रोग ओळखला आणि कैद्यांनी ते अन्न नाकारले. पण तोवर शेकडो जण जन्माचे पंगू झाले होते. छावणीचे अधिकारी स्वतः ती डाळ खात नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

आफ्रिकेत खेसारीच्या जागी कडू कसावा येतो. हे कंद नीट भिजवून, वाळवून खाल्ले तर निर्धोक. दुष्काळात घाईने खाल्ले तर त्यातले सायनाइड पोटात राहते. सोबत दुसरी प्रथिने नसली की पाय तसेच ताठ होतात. काँगोमधल्या याका लोकांनी या रोगाला कोन्झो नाव दिले, म्हणजे बांधलेले पाय. १९८१ साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा एक हजाराहून अधिक माणसांना, विशेषतः बायका-मुलांना, तो झाला.

माद्रिद, व्हापनियार्का, नाम्पुला, रिवा. झाडे वेगळी, भाषा वेगळ्या. डॉक्टर नकाशावर रोगाचे ठिपके देतात तेव्हा त्याखाली माती, पाऊस, पीक यांचे रंग भरतात. ते रंग खरे आहेत. पण या चारही ठिकाणी आणखी एक रंग भरावा लागतो. कोणाला ताटातले अन्न निवडता येत होते आणि कोणाला येत नव्हते, त्याचा.

बंदी आणि मजुरी

आपल्या सरकारने १९६१ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली खेसारीच्या विक्रीवर बंदी घातली. बंदी बाजारावर होती. शेतावर तिचा फारसा परिणाम झाला नाही आणि मजुराच्या शिधेवर तर त्याहूनही कमी. ज्याला मजुरीच खेसारीत मिळते तो ती विकत घेतच नसतो, त्याला विक्रीबंदीचा काय उपयोग?

इथे एका जुन्या कायद्याची आठवण करून देणे आम्हाला आवश्यक वाटते. १९४६ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्यात एक साधे कलम होते. मजुरी रोख पैशात द्यावी, आणि रूढीप्रमाणे धान्यात द्यायची झाली तर त्याला सरकारची मंजुरी हवी. अनेकांना हे कलम हिशेबाची बाब वाटेल. वैनगंगेच्या आजी आणि रिव्याचे दादा भेटल्यानंतर आम्हाला ते आरोग्याचे कलम वाटते. हातात चार पैसे आले की माणूस दुकानात जाऊन थोडे तांदूळ, थोडी ज्वारी, मीठ-मिरची घेतो. ताट आपोआप मिसळते. पदरात मालकाने टाकलेले धान्य आले की निवड संपते. हे कलम रिव्याच्या पठारावर १९४८ सालीच पोचले असते, तर त्या दादांच्या टाचा आज जमिनीला टेकल्या असत्या.

वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली ती १९७६ साली. त्यानंतर हळूहळू कालवे, विहिरी आल्या, गहू-तांदूळ स्वस्त झाला, रेशनचे दुकान गावात आले, मजुरी रोखीत मिळू लागली. आणि रोग ओसरत गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या लाखोळी पट्ट्याची पाहणी करून २०१४ साली अभ्यास प्रसिद्ध केला. लाखोळीचे खाणे आणि हा रोग, दोन्ही कमी झाल्याचे त्यांना दिसले. लाखोळी शेतातून गेली नव्हती. माणसाच्या ताटात तिच्या शेजारी दुसरे अन्न आले होते.

दरम्यान शास्त्रज्ञांनी कमी विषाचे वाणही काढले. रतन, प्रतीक, महातिवरा ही त्यांची नावे. जुन्या वाणांच्या मानाने यांत ओडॅप बरेच कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असते. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरची बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे उपोषणे आणि आंदोलने केली. गरीब शेतकऱ्याचे बिनखर्चाचे पीक बदनाम केले गेले, असे त्यांचे म्हणणे. २०१५ साली तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडून बंदी उठवण्याच्या बाजूने शिफारस झाल्याची बातमी आली. तेव्हापासून हा वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

या वादात आमचे मत सरळ आहे. लाखोळी ही गुन्हेगार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याकडून ती हिरावून घेऊ नये. पण तूर महाग झाली म्हणून गरिबाला लाखोळी द्या, असे कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवून विचारले पाहिजे की ती सोबत काय घालून देणार? कमी विषाचे बियाणे शेतकऱ्याच्या हाती खरोखर पोचले आहे काय? कारण पाण्याचा ताण पडला तर चांगल्या वाणातही विषाचे प्रमाण वर जाऊ शकते. त्या वर्षी दाणे तपासणार कोण? आणि आश्रमशाळेत, अंगणवाडीत, रोजगाराच्या कामावर दुसरे काहीच न देता तीच डाळ महिनोन्महिने घातली जाणार नाही, याची हमी कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बंदीची गरज उरणार नाही. न मिळाली तर बंदी असून नसून सारखीच.

आमच्या भगिनींसाठी

घरात लाखोळी येत असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ती नेहमी भात, भाकरी, पोळी यांच्या जोडीने आणि दुसऱ्या डाळींशी आलटूनपालटून खावी. एकट्या लाखोळीवर, विशेषतः तिच्या पिठाच्या भाकरीवर, दिवस काढू नयेत. दोन, डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी ओतून टाकावे, नंतर भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेकावे आणि मग वरण करावे. विष पाण्यात उतरणारे आहे, त्यामुळे बराच मोठा भाग निघून जातो. नुसते भाजून ते तितके जात नाही. तीन, दुष्काळी वर्षात अधिक सावध असावे. चार, शहरातल्या बहिणींनी तूरडाळ आणि बेसन घेताना नीट पाहावे. खेसारीचा दाणा गोल नसतो. तो कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, एका बाजूला उतरता आणि कोनदार असतो. स्वस्त बेसनात तिची भेसळ करण्याची खोड जुनी आहे. आणि घरातल्या कोणाचे पाय जड वाटू लागले, पोटऱ्या आखडू लागल्या, चालताना पाय अडखळू लागले, तर अंगारे-धुपारे करत न बसता ती डाळ त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. गेलेली शक्ती परत येत नाही, पण वेळीच थांबले तर उरलेली वाचते.

रिव्याहून परतताना रुळांच्या दोन्ही बाजूंना खेसारी फुलात होती. डब्यातली मुले खिडकीतून ती निळी शेते एकमेकांना दाखवत होती. फुले सुंदरच आहेत. त्यांच्याकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या गावात कोणाची चूल आज एकाच डाळीवर चालली आहे, कोणाची मजुरी अजून पायलीने मोजली जाते आणि कोणाच्या दाराशी दोन काठ्या टेकलेल्या आहेत, एवढे पाहायला मात्र आपण शिकले पाहिजे.